कमी पडतील तेवढे

२८ सप्टेंबर, शनिवार. पार्सिपनी

आसावरी माझ्याशी खोटं बोलली. सून म्हणून आजवर तिला मी दहापैकी आठ मार्क देत आलो होतो, आज सहावर आणले.

ऑगस्टमध्ये इथे अमेरिकेत मुलाकडे आलो तेव्हाच मी विचारलं होतं, की सावनी दर शनिवारी दुपारी त्या ‘बुक क्लब’ला जाते तो असतो कुठे? आसावरी म्हणाली, "लायब्ररीत असतो बाबा." अकरा वर्षांची नात लायब्ररीत जाते म्हटल्यावर आजोबाला आणखी काय हवं? मी गप्प बसलो. आज सावनीची वही सोफ्यावर उघडी पडली होती. (नाही. बंद होती. मी उघडली. निदान या वहीत तरी खरं लिहावं.) पहिल्याच पानावर चर्चचं नाव छापलेला कागद चिकटवलेला, आणि त्याखाली सावनीच्या गोल अक्षरात इंग्रजीत एक प्रश्न : सहाव्या प्रकरणात तुला ग्रेस कुठे दिसली?

बत्तीस वर्षं कराडच्या शाळेत काढली, त्यातली अकरा मुख्याध्यापक म्हणून. कोण कॉपी करणार हे मला पोरगं परीक्षेच्या हॉलमध्ये शिरतानाच कळायचं. इथे काहीतरी शिजतंय हे मला आल्यापासूनच वाटत होतं.

सावनी परत आल्यावर सहज विचारल्यासारखं विचारलं, "ग्रेस म्हणजे काय गं?"

"म्हणजे... लाइक, यू डिडन्ट अर्न इट, पण तरी तुम्हाला ते मिळतं."

"अच्छा, ग्रेस मार्क!"

"व्हॉट्स दॅट?"

मग तिला समजावून सांगितलं. पस्तीसला पास. कोणाला बत्तीस पडले, तर वरून तीन देऊन त्याला पुढच्या वर्गात ढकलतात, त्याला ग्रेस म्हणायचं. नियमात होतं म्हणून मी द्यायचो, पण मनापासून कधी दिले नाहीत. माझ्या स्वतःच्या मुलीला नववीत भूमितीत तीन कमी पडले, तेव्हा निकालपत्रात तिच्या नावापुढचे ग्रेसचे मार्क मी माझ्या हाताने खोडले. वर्गातली बाकीची चार पोरं ग्रेसने पास झाली, माझी मुलगी मात्र जूनमध्ये फेरपरीक्षेला बसली. एकाहत्तर मिळवले.

"देवयानी आत्या?" सावनी म्हणाली. "पुअर आत्या."

मी विषय बदलला. देवयानी अमेरिकेतच, सांता क्लाराला असते. आमचं पाच वर्षं बोलणं नाही.

१ ऑक्टोबर, मंगळवार

जेवताना विषय काढला. अवधूत ताटाच्या बाजूला फोन ठेवून जेवतो, बापाकडे एक डोळा आणि फोनकडे दीड.

"बाबा, चिल यार. गोष्टीची पुस्तकं वाचतात ते. ड्रॅगन-बिगन."

"ड्रॅगनच्या पोटात काय भरलंय ते बघितलंस का?"

आसावरीने मात्र सरळ कबूल केलं. "सुरुवातीला लायब्ररीतच भरायचा तो, मग चर्चमध्ये हलवला. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही रोज तेच बोलला असता. फॉर्मवर स्पष्ट लिहिलंय की चर्चचा क्लब आहे, गोष्टींमधून ख्रिस्ती शिकवणुकीवर बोलतात, आणि मी सही केलीय. बाबा, इथे घर बदलल्यापासून वर्षभर सावनी शाळेत कोणाशी बोलत नव्हती. आता शनिवारची वाट बघते."

म्हणजे फॉर्म, सही, सगळं रीतसर. हीच तर त्यांची हुशारी. कडू औषध साखरेत घोळून द्यायचं, आणि वर पालकांची सही घ्यायची. मी म्हणालो, "घरात एकमेकांपासून लपवाछपवी मला चालत नाही." आसावरी भाजी वाढत राहिली.

(माझ्या बॅगेच्या खालच्या कप्प्यातल्या कापडी पिशवीला हात लावू नकोस, त्यात औषधं आहेत, असं मी तिला आल्याच दिवशी सांगितलंय. ते वेगळं.)

५ ऑक्टोबर, शनिवार

आज स्वतः गेलो. सलोनी नावाच्या मैत्रिणीची आई गाडीने नेते-आणते, तिला म्हटलं मलाही घे.

एखादा उंच, गोरा, दात दाखवून हसणारा पाद्री असेल असं मी धरून चाललो होतो. चर्चच्या तळघरात घडीच्या खुर्च्या, एक फळा आणि कॉफीचं मोठं भांडं. पंजाबी ड्रेसवर जाड स्वेटर घातलेली साठीची एक बाई टेबल पुसत होती. मला बघून म्हणाली, "या सर, बसा. चहा ठेवलाय, पण आलं संपलंय हं."

अस्सल नगरकडचं मराठी! मी क्षणभर गारच पडलो. मग सावध झालो.

"मी शिक्षक आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. तुम्ही आल्याआल्या फळा नीट पुसलाय का ते बघितलंत."

रत्ना साळवे. नगरच्या. पणजोबांपासून ख्रिस्ती. तीस वर्षं इथल्या हॉस्पिटलात नर्स होत्या, आता रिटायर्ड. चहा चांगला होता, आलं नसूनही. म्हणूनच मी अर्धाच घेतला.

पाच मुलं होती. सावनी, सलोनी, देवांग नावाचा एक बडबड्या आणि दोन अमेरिकन बहिणी. आज नवं पुस्तक काढलं, चारशे बारा पानांचं, कव्हरवर बर्फाचा राक्षस. डोंगरातल्या एका गावात मोठी घंटा असते. ती वाजत राहिली की हिमराक्षस खाली उतरत नाहीत. एक दिवस घंटेला तडा जातो, आणि आळ येतो तिथे काम करणाऱ्या टिल्वा नावाच्या मुलीवर. गाव तिला बर्फात हाकलून देतं. आज एवढंच झालं. मग रत्नाबाईंनी मुलांना विचारलं, "यातलं काय ओळखीचं वाटलं?" देवांग म्हणाला, येशूला पण काही न करता पकडलं होतं. सलोनी म्हणाली, सीतेला पण. बाईंनी दोन्ही फळ्यावर लिहिलं, एकाखाली एक. केवढी ही हुशारी! सीता फळ्यावर लिहिली की आजोबा गप्प बसणार.

मी गप्प बसलो नाही. मुलं बिस्किटं खायला गेल्यावर सरळ विचारलं, "तुम्ही मुलांना ख्रिस्ती करता का?"

"नाही सर. मी ख्रिस्ती आहे, म्हणून गोष्टीत मला जे दिसतं ते मी दाखवते. मुलांना जे दिसतं ते मुलं दाखवतात."

"आणि मुलांनी तुमचंच ऐकलं तर?"

"मग त्यांच्या आईवडलांशी बोलेन. आणि तुमच्याशी पण, तुम्ही येणार असाल तर."

इतकं सरळ उत्तर देणाऱ्या माणसाचा मला कायम संशय येत आलाय.

७ ऑक्टोबर, सोमवार

निर्णय घेतला. पुराव्याशिवाय बोलायचं नाही. लायब्ररीतून त्याच पुस्तकाची प्रत आणली. पुस्तकात लाल पेन चालवता येत नाही म्हणून वेगळी वही केली. गोष्टीत जिथे जिथे ख्रिस्ती माल लपवलाय तिथला पान नंबर, ओळ आणि माझा शेरा. यादी पूर्ण झाली की अवधूतपुढे ठेवायची.

इंग्रजी वाचायचा वेग कमी पडतो, डिक्शनरी घेऊन बसलोय. आज पन्नास पानं. पुरावे सहा.

१० ऑक्टोबर, गुरुवार

पुरावे तेवीस. पान ६१, वादळ बरोबर तीन दिवस टिकतं. तीनच का? पान ७०, मेंढपाळ. पान ८८, टिल्वाला आसरा देणारी म्हातारी पाव मोडून दोघींत वाटते. पान ९३, सुतार! पान १०२, जेवायला बारा माणसं. (पुन्हा मोजली, तेरा निघाली. ते तर जास्तच संशयास्पद.) पान ११५, गाढव.

दुपारी आसावरीने दोनदा जेवायला हाक मारली, ऐकू आली नाही. ती टिल्वा एका गोठलेल्या नदीवर अडकली होती, तिला तशी सोडून उठणार कसं?

१२ ऑक्टोबर, शनिवार. दसरा

आपट्याची पानं इथे नाहीत. सावनीने अंगणातली मेपलची पिवळी पानं आणून सगळ्यांना सोनं म्हणून वाटली, वाकून नमस्कार केला. बरं वाटलं.

संध्याकाळी देवयानीचा व्हिडिओ कॉल आला, अवधूत-आसावरीला, सावनीला. मी वर खोलीत गेलो. जिन्यावरून आवाज येतच होता. "बाबा कसे आहेत?" असं विचारलेलं ऐकू आलं. अवधूत म्हणाला, "पुस्तक वाचतायत." ती हसली. आईसारखीच हसते.

चौदावं प्रकरण वाचलं. घंटा राखणारा हार्बन नावाचा म्हातारा आहे, त्याला कळतं की घंटेला तडा त्याच्याच हातोड्याने गेला होता. तोवर टिल्वा गेलेली असते. तो कोणाला काही सांगत नाही. हे प्रकरण फार कच्चं लिहिलंय. लेखकाने म्हाताऱ्याला विनाकारण व्हिलन केलाय. एक तर त्याने टिल्वावर आळ घेतला तेव्हा त्याला खरंच तसं वाटत होतं. दुसरं म्हणजे नंतर त्याला कोणी विचारलंच नाही. विचारल्याशिवाय माणूस काय दवंडी पिटणार? हे प्रकरण मुलांना वाचायला देण्याच्या लायकीचं नाही. दहापैकी दोन.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

शेवटची तीन प्रकरणं सोडून पुस्तक संपवलं. पुरावे एक्केचाळीस. शेवट वाचायची गरज नाही, काय होणार ते दिसतंय. वही स्वच्छ अक्षरात उतरवून काढली. अवधूतला दाखवण्याआधी आरोपीला बाजू मांडायची संधी द्यायला हवी, शाळेतही मी तसंच करायचो.

१९ ऑक्टोबर, शनिवार

रत्नाबाईंना वही दिली. मुलं चित्रं काढत होती. बाईंनी चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी वाचली, मध्येमध्ये ओठ दाबत होत्या. शेवटी त्यांना हसू आवरेना.

"सर, एक्केचाळीस! मला चारच सापडले होते."

"हसण्यावारी नेऊ नका."

"नाही नेत. पण हा सुतार फक्त दार दुरुस्त करायला आला होता हो. आणि गाढवावर लाकडं होती." मग त्यांनी पानं मागे-पुढे केली, काहीतरी शोधत होत्या. "यात हार्बन कुठे दिसत नाही."

"कोण?"

"घंटेवाला म्हातारा. माझ्या चारांतला तो पहिला. तुम्ही गाढव घेतलंत, पाव घेतलात, अख्खा म्हातारा सोडलात."

"त्याच्यात ख्रिस्ती असं काहीच नाही," मी म्हणालो.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "तो कुठल्याही घरात भेटतो."

असं म्हणताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, वही मिटून मला परत देत होत्या. पण मला समजलं. सावनीने घरातलं सगळं या बाईला सांगितलेलं आहे. गोष्टींच्या नावाखाली मुलांकडून घराघरातली भांडणं काढून घ्यायची, मग बरोबर वर्मावर बोट ठेवायचं. ही खरी पद्धत. बेचाळिसावा पुरावा.

२० ऑक्टोबर, रविवार

अवधूतला स्पष्ट सांगितलं. सावनी तिथे जाणार असेल तर मी पुढच्या आठवड्यात परत जातो, तिकीट बदल. तो पहिल्यांदा फोन खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिला. "बाबा, सिरियसली?" आसावरी आत गेली, आतून भांड्यांचे आवाज येत राहिले. तासाभराने अवधूत येऊन म्हणाला, "ठीक आहे. बंद करतो. तुम्ही जाऊ नका."

जिंकलो. सावनीला त्यानेच सांगितलं. ती रडली नाही, वर गेली. रडली असती तर बरं झालं असतं.

२६ ऑक्टोबर, शनिवार

आठवडाभर सावनी मला "हो", "नाही" आणि "ओके" एवढंच बोलली. आज दुपारी क्लबच्या वेळेला ती खिडकीशी बसली होती, सलोनीच्या आईची गाडी समोरून गेली ती बघत. मी शेजारी जाऊन बसलो. म्हटलं, पत्ते खेळू या का?

"आजोबा, मी काकूंना काहीच सांगितलं नव्हतं," ती म्हणाली. "आत्याबद्दल. तुम्ही डॅडला म्हणालात ना, की मी सांगितलं. आय डिडन्ट."

"बरं."

"तुम्ही म्हणता प्रूफ पाहिजे. मग माझ्याबद्दल काय प्रूफ होतं?"

मी पत्ते पिसत राहिलो.

"आणि आत्याबद्दल काय होतं?"

तिला कोणी सांगितलं ते मी विचारलं नाही. घरात सगळ्यांना ठाऊक आहे, तिलाच तेवढं ठाऊक नसेल असं मी धरून चाललो होतो. माझ्या हातून पत्ते खाली पडले, ते तिने गोळा करून दिले.

१ नोव्हेंबर, शुक्रवार. लक्ष्मीपूजन

सकाळी शेवटची तीन प्रकरणं वाचली. हिमराक्षस उतरतात, आणि ज्या गावाने हाकललं त्या गावासाठी टिल्वा परत येते. घंटेला तडा गेलेला, म्हणून ती आपला आवाज घंटेत ओतते. गाव वाचतं, पण तिचा आवाज कायमचा जातो. मग ती गावाचं दार उघडून उभी राहते. बाहेर बर्फात हार्बन उभा. तिला त्याचं सगळं ठाऊक आहे. पण तिला आता बोलता येत नाही, त्यामुळे बोलायचं काम त्याच्यावर येतं. तो आत येतो की नाही ते लेखकाने लिहिलंच नाही. दार उघडं, एवढ्यावर पुस्तक संपतं.

आता लिहितो.

माझ्या बायकोच्या, मालिनीच्या आजारपणात देवयानी वीस दिवस कराडला राहिली होती. तिनेच सगळं केलं, अंग पुसण्यापासून. मालिनी गेली. तेराव्याला मी कपाट उघडलं, तर मालिनीच्या माहेरच्या पाटल्या डब्यात नव्हत्या. खोलीत देवयानीच झोपत होती, कपाटाची किल्ली तिच्याकडे होती. सगळे नातेवाईक बसलेले असताना मी तिला विचारलं, पाटल्या कुठे आहेत. ती म्हणाली, मला माहीत नाही. मी म्हणालो, बॅग उघड. तिने उघडली. एकेक कपडा बाहेर काढून जमिनीवर ठेवला, मग परत भरला, आणि त्याच दुपारी निघून गेली. जाताना माझ्या पाया पडली.

चार महिन्यांनी दिवाळीची आवराआवर करताना वरईच्या तांदळाच्या डब्यात पाटल्या सापडल्या. रुमालात गुंडाळून तळाशी. हॉस्पिटलला जायच्या आधी मालिनीनेच ठेवल्या असणार, घर बंद राहणार म्हणून. मी डबा परत लावला. वाटलं, उद्या फोन करू. पाच वर्षं झाली.

पाटल्या बॅगेतल्या त्या पिशवीत आहेत. औषधं वगैरे काही नाही. मला लाज वाटते. हे लिहायला एवढी पानं का लागली, त्याचीही.

२ नोव्हेंबर, शनिवार. पाडवा

सकाळी अवधूतला म्हणालो, सावनी क्लबला जाईल, आणि मी सोबत जाईन. त्याने कारण विचारलं नाही. आसावरीने न मागता आलं किसून एका डबीत घालून दिलं, "काकूंच्या चहाला." सूनबाई परत आठवर. खरं तर नऊ.

गाडीत सावनीला सॉरी म्हणालो. ती म्हणाली, "इट्स ओके," आणि लगेच सलोनीशी बोलायला लागली. इतकं सोपं असतं हे मला माहीत नव्हतं.

रत्नाबाईंनी काही झालंच नाही अशा थाटात खुर्ची पुढे केली. मी म्हणालो, "बाई, तुमच्या चारांत आणि माझ्या एक्केचाळिसांत एकच बरोबर होता. तो मी सोडला होता."

त्या म्हणाल्या, "सर, त्या दिवशी मी बोलून गेले ते तुम्हाला लागलं का? माझ्या मनात माझे वडील होते. ते माझ्या भावाशी मरेपर्यंत बोलले नाहीत."

म्हणजे तिथेही माझं चुकलं. वर्मावर बोट वगैरे काही नव्हतं. बाई त्यांच्याच घराबद्दल बोलत होत्या. बेचाळिसावा पुरावा खोडला.

मग मी विचारलं, "एक सांगा. तुमच्यात ग्रेस किती मार्कांपर्यंत देतात?"

त्यांना आधी कळलं नाही, मग खूप हसल्या. म्हणाल्या, "दहावीला बीजगणितात मला चार मार्क ग्रेसचे मिळाले होते. त्यावर पुढे नर्सिंगला गेले. कोणत्या सरांनी दिले कोण जाणे, मी अजून त्यांच्यासाठी प्रार्थना करते."

"ते बोर्डाचं झालं. तुमच्यात किती?"

"कमी पडतील तेवढे," त्या म्हणाल्या.

असं कुठल्याच बोर्डात नसतं. मी तसं म्हणालोही. त्या म्हणाल्या, "नसतंच. म्हणून तर मुलांना गोष्टीतून सांगावं लागतं." हे मला अजून पूर्ण पटलेलं नाही. इतकं फुकट कोणी का द्यावं? पण चहा आज पूर्ण प्यायलो.

३ नोव्हेंबर, रविवार. भाऊबीज

देवयानी दर भाऊबीजेला अवधूतला फोनवरून ओवाळते. तिकडे ती तबक फिरवते, इकडे हा फोनसमोर टोपी घालून बसतो. मी आज वर गेलो नाही. ओवाळणं झाल्यावर अवधूतच्या मागून म्हणालो, "जरा माझ्याकडे दे."

स्क्रीनवर ती. केस पांढरे व्हायला लागलेत तिचे. मला कोणी सांगितलं नव्हतं.

"देवयानी, पाटल्या सापडल्या."

"कधी?" एवढंच विचारलं तिने.

कालच, असं अगदी जिभेवर आलं होतं. खोटं नाही लिहीत, आलं होतं. "त्याच वर्षी," मी म्हणालो. "दिवाळीत. तुझ्या आईनेच डब्यात ठेवल्या होत्या. मला तेव्हापासून माहीत आहे. माझं चुकलं. बॅग उघडायला लावली ते चुकलं, आणि नंतर गप्प बसलो ते त्याहून."

आसावरी दारात थांबली होती. सावनीने माझा शर्ट मागून धरून ठेवला होता. देवयानी तबकातल्या निरांजनाकडे बघत होती. मग म्हणाली, "कुकर लावलाय मी, बघायला हवा," आणि फोन बंद झाला.

कुकरची शिट्टी काही ऐकू आली नव्हती.

४ नोव्हेंबर, सोमवार

फोन नाही. तिने तरी का करावा? मी पाच वर्षं लावली, तिला निदान पाच दिवस तरी देईन. तरी दिवसभर फोन हातात धरून बसलो होतो. आता अवधूतला नावं ठेवायची सोय राहिली नाही.

६ नोव्हेंबर, बुधवार

दुपारी माझ्या फोनवर तिचा कॉल. व्हिडिओ नव्हता, नुसता आवाज. मी एकटाच घरी होतो.

ती खूप बोलली. पाच वर्षांचं सगळं. तेराव्याला समोर बसलेल्या मावशांची नावं एकेक करून घेतली, कोण काय म्हणालं, कोणी तोंडाला पदर लावला. तिच्या मनातून हे कधी जाणार नाही म्हणाली. रडली, चिडली. मी मध्ये एकदाही बोललो नाही, फक्त "हो" म्हणत होतो. प्रत्येक गोष्ट खरी होती.

शेवटी थांबली. मी म्हणालो, "मी नापास आहे गं. मला कळतंय."

"किती मार्कांनी?"

मला वाटलं, ती चिडूनच विचारतेय. मग लक्षात आलं, आवाजात थोडं हसू होतं. रडून झाल्यावर आईच्या आवाजात असायचं तसं.

"पुष्कळ," मी म्हणालो.

"तीन मी देते," देवयानी म्हणाली. "तुम्ही खोडलेले तेवढेच. बाकीच्यांसाठी फेरपरीक्षेला या. इकडे, सांता क्लाराला. आणि बाबा, पाटल्या बॅगेत नका टाकू, हातात घेऊन या."

अवधूतने येत्या पंधरा तारखेचं तिकीट काढलंय. रत्नाबाईंना सांगायला शनिवारी जाईन. सावनीला दुपारीच सांगितलं, ती शाळेतून आली तेव्हा. तिने दप्तरही खाली न ठेवता विचारलं, "मग आजोबा, हार्बन आत गेला?"

मी म्हणालो, "अजून दारात आहे. पण दार उघडं आहे."